दोन दाबांचा तोल

चेन्नईचा पावसाळा सुरू होतो तो महाराष्ट्रातील पावसाळा सरल्यावर. इकडे शेतातील भात पिवळे पडू लागते, आकाश निवळते, दिवाळीची चाहूल लागते. आणि तिकडे बंगालच्या उपसागरावरून ईशान्येचे वारे ढग घेऊन येतात. ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत त्या शहराला त्याच्या वर्षभराच्या पाण्याचा मोठा वाटा मिळतो. हे शहर पाण्याच्या बाबतीत फार सोसलेले आहे. २०१५ च्या डिसेंबरात ते पुरात बुडाले आणि २०१९ च्या उन्हाळ्यात त्याला पाणी पुरवणारे तलाव तळाला गेले. साहजिकच तेथील गृहिणी पाणी साठवून ठेवते. पिंपे, घागरी, बादल्या भरलेल्या असतात. त्यात पावसाचे पाणी गच्चीवर, फुलझाडांच्या कुंड्यांत, टाकून दिलेल्या करवंट्यांत आणि टायरांत साचते. गटाराच्या घाण पाण्यापेक्षा असल्या स्वच्छ, निवांत पाण्याची आवड असणारा एक डास आहे. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो. शास्त्रज्ञ त्याला एडिस इजिप्ती म्हणतात. डेंग्यूचा विषाणू माणसामाणसांत फिरवण्याचे काम प्रामुख्याने तोच करतो.

या शहराचा आणि या आजाराचा संबंध जुना आहे. डेंग्यूसारख्या तापाची भारतातील पहिली नोंद १७८० सालची असून ती मद्रासची, म्हणजे आजच्या चेन्नईचीच आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात आलेल्या, हाडे मोडल्यासारखी वेदना देणाऱ्या एका तापाचे वर्णन बेंजामिन रश या वैद्याने लिहून ठेवले आहे. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे हा ताप त्रासदायक, पण बहुधा जीवावर न बेतणारा असाच समजला जाई. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मात्र त्याचे दुसरे, उग्र रूप आग्नेय आशियातील मुलांत दिसू लागले. १९६३ साली ते कलकत्त्यात दिसले आणि २००१ च्या साथीत चेन्नईत तान्ह्या मुलांनाही त्याने सोडले नाही.

या उग्र रूपाची चाल मोठी फसवी आहे. सहा-सात वर्षांचे एखादे मूल चार दिवस तापाने फणफणलेले असते. पाचव्या दिवशी ताप उतरतो. आई कपाळावर हात ठेवते, अंग गार लागते, आणि घरातील माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. पण त्याच दिवशी मूल पोट दुखते म्हणून कण्हू लागते. त्याला उलट्या होतात; ते कधी अस्वस्थ होते तर कधी मलूल पडून राहते. त्याचे हातपाय थंड पडतात आणि लघवी कमी होते. एग्मोर येथील बालरुग्णालयात, ज्याला इन्स्टिट्यूट ऑफ चाइल्ड हेल्थ म्हणतात, अशा मुलाला आणले की डॉक्टर तापमापकाकडे कमी आणि नाडीकडे अधिक लक्ष देतात. नाडी जलद पण बारीक असते. रक्तदाबाचे वरचे आणि खालचे माप एकमेकांच्या जवळ आलेले असते; या दोहोंतील अंतर वीस किंवा त्याहून कमी झाले, तर मूल शॉकच्या अवस्थेत गेले असे समजावे. रक्त तपासले तर ते आटलेल्या दुधासारखे दाट झालेले आढळते. तांबड्या पेशी होत्या तेवढ्याच आहेत. त्या ज्या पाण्यात तरंगत होत्या ते पाणीच कमी झाले आहे.

येथे एक कोडे उभे राहते. मुलाला मोठा रक्तस्राव झालेला नाही. पटकीसारखे जुलाबही झालेले नाहीत. तर मग रक्तातील पाणी गेले कोठे? त्याचे उत्तर असे की ते शरीराबाहेर गेलेलेच नाही. ते छातीच्या पोकळीत, पोटाच्या पोकळीत आणि पेशींच्या मधल्या फटींत जाऊन बसले आहे. मूल कोरडे पडले आहे आणि भिजलेलेही आहे. हे कसे घडते ते कळायचे, तर शरीरातील सर्वांत बारीक रक्तवाहिन्यांची ओळख करून घ्यावी लागते.

रक्त हृदयातून निघते आणि हृदयाकडेच परतते, हे विल्यम हार्वेने १६२८ साली सिद्ध केले. रोहिणीतून गेलेले रक्त नीलेत कोणत्या वाटेने येते, ते मात्र त्याला दिसले नव्हते. ती वाट इटलीच्या मार्सेलो माल्पिघीने १६६१ साली सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात पाहिली. त्याच केशवाहिन्या होत. त्यांना केसाची उपमा दिलेली असली तरी केस त्यांच्या मानाने फारच जाड. केशवाहिनीचा व्यास मिलिमीटरच्या हजार भागांपैकी पाच ते दहा भाग एवढाच असतो. तांबड्या पेशीलाही तिच्यातून जाताना पुष्कळदा अंग चोरावे लागते. तिची भिंत म्हणजे चपट्या पेशींचा एकच थर. रक्त तेथून हळू जाते, एका सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर. या संथपणातच तिचे प्रयोजन आहे. मोठ्या रक्तवाहिन्या केवळ वाहतूक करतात. खरी देवघेव केशवाहिनीच्या भिंतीपाशी चालते. प्राणवायू, साखर, क्षार आणि पाणी या भिंतीतून पेशींकडे जातात. पेशींनी टाकलेला कर्बवायू आणि मळ रक्तात येतो.

परंतु भिंत जर अशी झिरपणारी आहे आणि आत रक्ताचा दाब आहे, तर सगळे पाणी बाहेर का जात नाही? दिवसभर उभे राहून काम करणाऱ्या माणसाचे पाय संध्याकाळी थोडे सुजतात. सर्व शरीरच तसे सुजत कसे नाही? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नावर शरीरक्रियाशास्त्रज्ञांत मोठा वाद होता. जर्मनीतील कार्ल लुडविग यांच्या मते ऊतकांतील पाणी, ज्याची पुढे लसीका होते, ते दाबामुळे गाळून बाहेर पडते. ब्रेस्लाऊच्या रुडॉल्फ हायडेनहाइन यांना हे मान्य नव्हते. ग्रंथीने रस स्रवावा तशी केशवाहिनीची भिंत स्वतःच्या सामर्थ्याने लसीका स्रवते, असे त्यांचे म्हणणे होते. एका पक्षात साधे पदार्थविज्ञान होते, तर दुसऱ्या पक्षात जिवंत पेशीची गूढ करणी.

हा वाद ज्याने निकालात आणला त्या अर्नेस्ट हेन्री स्टार्लिंगचा मुंबईशी दुरून का होईना, संबंध होता. त्याचा जन्म १८६६ साली लंडनमध्ये झाला. पण त्याचे वडील मॅथ्यू हेन्री स्टार्लिंग हे बॅरिस्टर मुंबईत क्लार्क ऑफ द क्राऊन या पदावर होते. घर इंग्लंडमध्ये आणि वडील मुंबईत, अशा संसारात तो वाढला. लंडनच्या गाय्ज रुग्णालयात शिकून तो १८९२ साली ब्रेस्लाऊला हायडेनहाइन यांच्याकडेच काम करण्यास गेला. गुरूच्या प्रयोगांचा त्याने आदर केला. त्यांच्या निष्कर्षाशी मात्र तो सहमत होऊ शकला नाही.

१८९६ साली त्याने जो प्रयोग प्रसिद्ध केला, तो फार सुबोध आहे. कुत्र्याच्या मागच्या एका पायात मिठाचे सौम्य पाणी टोचून त्याने सूज आणली. दुसरा पाय तसाच ठेवला. मग दोन्ही पायांतून रक्त खेळवले. सुजलेल्या पायातून फिरून आलेले रक्त पातळ झाले होते. म्हणजे ऊतकांत साचलेले पाणी त्याने आत ओढून घेतले होते. मिठाच्या पाण्याऐवजी रक्ताचाच रस, म्हणजे सीरम, टोचला तर मात्र तो आत ओढला गेला नाही. या फरकाचे कारण प्रथिनांत होते. रक्तरसात विरघळलेली प्रथिने आकाराने मोठी असतात. ती भिंतीतून सहसा बाहेर पडत नाहीत आणि आत राहून पाण्याला आपल्याकडे ओढतात. या ओढीला परासरण दाब म्हणतात. बाहेरही तेवढीच प्रथिने असली की ओढ उरत नाही.

अशा रीतीने स्टार्लिंगने केशवाहिनीच्या भिंतीवर दोन दाबांची रस्सीखेच दाखवून दिली. हृदयाने दिलेला दाब पाण्याला बाहेर ढकलतो, तर प्रथिनांची ओढ त्याला आत राखते. जिवंतपणाची कोणतीही गूढ शक्ती कल्पिण्याचे कारण त्यात राहिले नाही. याच स्टार्लिंगने पुढे १९०२ साली बेलिसच्या सोबतीने सिक्रेटिन हा अंतःस्राव शोधला आणि १९०५ साली ‘हॉर्मोन’ हा शब्द जगाला दिला. १९२७ साली जलप्रवासात, जमैकाच्या किनाऱ्याजवळ, त्याचा मृत्यू झाला.

स्टार्लिंगने तत्त्व सांगितले, पण केशवाहिनीतील दाब प्रत्यक्ष मोजणे त्याच्या काळी शक्य नव्हते. ते काम अमेरिकेच्या युजीन लँडिसने केले. काचेच्या अत्यंत बारीक नळ्या ओढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची टोके त्याने थेट केशवाहिनीत खुपसली; आधी बेडकाच्या, आणि १९३० साली माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या त्वचेतील. हृदयाजवळच्या महारोहिणीत पाऱ्याचा सुमारे शंभर मिलिमीटर असलेला सरासरी दाब केशवाहिनीच्या आरंभी ३२ आणि शेवटी अवघा १२ एवढा उरतो, असे त्याला आढळले. प्रथिनांची ओढ या दोहोंच्या मध्ये, २५ ते २८ च्या घरात असते. यावरून पाठ्यपुस्तकांत एक सुबक चित्र आले. केशवाहिनीच्या आरंभी ढकलणारा दाब वरचढ म्हणून पाणी बाहेर जाते. शेवटी ओढ वरचढ म्हणून ते परत आत येते. जे थोडे उरते ते लसीकावाहिन्या गोळा करतात. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी हे चित्र वहीत काढले आहे.

अलीकडच्या संशोधनाने या चित्रात एक महत्त्वाची दुरुस्ती केली. केशवाहिनीच्या आतल्या अंगाला साखर आणि प्रथिने यांच्या संयुगांचा एक मऊ, लव असल्यासारखा थर असतो. त्याला ग्लायकोकॅलिक्स म्हणतात. पाण्याला रक्तातून बाहेर पडताना पहिली चाळण लागते ती याच थराची, आणि प्रथिनांची ओढ लागू पडते तीही या थराच्या पलीकडे लगेच असलेल्या अरुंद जागेपुरती. २०१० साली लेव्हिक आणि मिशेल या शास्त्रज्ञांनी सर्व मोजमापांचा आढावा घेऊन दाखवले की, नेहमीच्या स्थितीत बहुतेक केशवाहिन्यांत पाणी शेवटच्या टोकाला परत येतच नाही. ते सबंध लांबीभर अगदी थोडे थोडे बाहेरच झिरपत असते आणि लसीकेच्या वाटेने परततो तो जवळजवळ त्याचा सगळा भाग. आतडी, मूत्रपिंड यांसारखी पाणी शोषण्याचेच काम असलेली ठिकाणे हा अपवाद. स्टार्लिंगचा प्रयोग त्यामुळे खोटा ठरत नाही. दाब एकाएकी घसरला, तर केशवाहिनी काही मिनिटे पाणी आत ओढते. पण ते तात्पुरते असते.

या झिरपण्याचा हिशेब पाहण्यासारखा आहे. हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त फिरवते, म्हणजे दिवसाला सात हजार लिटरांहून अधिक. त्यातून दिवसभरात केशवाहिन्यांबाहेर झिरपून लसीकेच्या वाटेला लागणारे पाणी आठ लिटरांच्या आसपास असते. एवढ्या प्रचंड प्रवाहातून एवढी अल्प गळती! परंतु प्रौढ माणसाच्या शरीरात रक्तरस मुळात तीनच लिटर असतो. लसीकेने पाणी परत आणले नाही, तर अर्ध्या दिवसाच्या आतच तो संपून जाईल. यावरून ही व्यवस्था किती नेटकी आहे आणि तिच्यात थोडा बिघाडही किती महाग पडेल, हे ध्यानात येते. यकृत बिघडले किंवा मूत्रातून प्रथिने जाऊ लागली की ओढ कमी होते आणि अंगावर सूज येते. हृदय थकले की मागे दाब तुंबतो आणि पाय सुजतात. लसीकेची वाट बंद झाली की हत्तीपायासारखी अवस्था होते. प्रत्येक सुजेमागे या एकाच तोलातील कोणते तरी पारडे ढळलेले असते.

डेंग्यूच्या उग्र रूपात चाळणच ढिली होते. विषाणूचे एनएस-१ नावाचे एक प्रथिन रक्तात फिरते आणि ते ग्लायकोकॅलिक्सची झीज घडवू शकते, असे २०१५ नंतरच्या प्रयोगांत दिसून आले आहे. शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाही त्या झटापटीत अशी द्रव्ये सोडते की त्यांनी भिंतीचे सांधे सैल पडतात. मग पाण्याबरोबर प्रथिनेही बाहेर निसटतात. आत ओढणारी शक्ती घटते आणि जी प्रथिने बाहेर गेली तीच पाण्याला बाहेर धरून ठेवतात. वीस किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सगळे मिळून रक्त दीड लिटरच्या आसपास. त्यातील रक्तरस लिटरभराच्या आतबाहेर. यातून पाव लिटर जरी निसटला, तरी हृदयाला फिरवायला पुरेसे उरत नाही.

यात दिलासा देणारी एक गोष्ट आहे. भिंत फाटलेली किंवा जळलेली नसते. ती काही काळ सैल झालेली असते. ही गळती बहुधा चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकते आणि मग आपोआप थांबते. त्यानंतर बाहेर गेलेले पाणी हळूहळू रक्तात परतू लागते. म्हणजे डॉक्टरांना आजार बरा करावा लागत नाही. विषाणूवर मारा करील असे सिद्ध झालेले औषधही अद्याप हाती नाही. त्यांना हे दोन दिवस मुलाला तगवून धरावे लागते, आणि त्याचे साधन एकच, शिरेतून दिलेले क्षारयुक्त पाणी.

हे काम सोपे वाटते, आणि येथेच त्याची खरी कसोटी आहे. टाकीला भोक पडले असताना तिच्यात पाणी ओतत राहिले तर टाकी भरत नाही, आसपासची जमीन मात्र भिजते. शिरेतून दिलेले पाणीही त्याच सैल भिंतीतून बाहेर जाते. फार थोडे दिले तर हृदय रिकामे पडते, मेंदू आणि मूत्रपिंडे उपाशी राहतात आणि मूल दगावते. फार दिले तर छाती आणि पोट पाण्याने भरते, फुप्फुसांना फुगायला जागा राहत नाही आणि मूल श्वासासाठी झगडते. त्यातच दोन दिवसांनी बाहेरचे सर्व पाणी एकदम रक्तात परतू लागते. त्या वेळीही सलाईन चालूच राहिले, तर आदल्या दिवशी ज्या पाण्याने जीव वाचवला तेच दुसऱ्या दिवशी जीव घेते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत हे पाणी उतरत्या मापाने सांगितले आहे. शॉक लागला आहे पण रक्तदाब अद्याप टिकून आहे अशा रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे पहिल्या तासात ५ ते १० मिलिलिटर. सुधारणा दिसली की तासाला ५ ते ७, मग ३ ते ५, मग २ ते ३. आणि शेवटी बंद. प्रत्येक पायरीवर नाडी, हातापायांची ऊब, लघवीचे प्रमाण आणि रक्ताचा दाटपणा पुन्हा पाहायचा. हे आकडे डॉक्टरांसाठी आहेत. घरी करावयाच्या उपचारासाठी नव्हेत. त्यांच्यात दडलेली शिस्त मात्र कोणालाही उमगण्यासारखी आहे. पुरेसे द्यावे, वरचेवर पाहावे, आणि वेळेवर थांबावे.

पाणी किती आणि किती वेगाने द्यावे, हा प्रश्न डेंग्यूपुरता नाही. जंतुदोषाने होणाऱ्या शॉकमध्येही केशवाहिन्या अशाच सैल पडतात. एग्मोरच्या त्याच बालरुग्णालयात डॉ. इंदुमती संथानम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दुसऱ्या शॉकवर एक अभ्यास केला व तो २००८ साली प्रसिद्ध झाला. तातडीच्या विभागात आलेली १४७ मुले चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. एका गटाला किलोमागे ४० मिलिलिटर पाणी पंधरा मिनिटांत दिले. दुसऱ्याला २० मिलिलिटर वीस मिनिटांत, आणि गरजेप्रमाणे तासाभरात जास्तीत जास्त ६० पर्यंत. जलद भरणाऱ्या गटात जीव अधिक वाचले नाहीत. त्या मुलांत यकृत फुगल्याची खूण मात्र अधिक जणांत आढळली. यकृत फुगणे म्हणजे हृदयाच्या मागे पाणी तुंबू लागल्याची सूचना. श्रीमंत देशांच्या पुस्तकांतील घाईचा नियम, गर्दीने भरलेल्या आणि श्वसनयंत्रे मोजकी असलेल्या विभागात जसाच्या तसा उचलता येतो का, हे तपासून पाहण्याचे धैर्य या अभ्यासात होते.

तीन वर्षांनी, २०११ साली, पूर्व आफ्रिकेतून याहून धक्कादायक उत्तर आले. केनिया, युगांडा आणि टांझानिया येथील ३१४१ तापलेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या मुलांवर फीस्ट नावाचा अभ्यास झाला. ज्यांना सुरुवातीला झपाट्याने सलाईन किंवा अल्ब्युमिन दिले, त्यांच्यात अठ्ठेचाळीस तासांत शेकडा साडेदहाच्या सुमारास मुले दगावली. ज्यांना असे झपाट्याचे पाणी दिलेच नाही, त्यांच्यात शेकडा ७.३. जुलाबाने कोरडी पडलेली मुले या अभ्यासात नव्हती आणि पुष्कळांना हिवताप होता. म्हणून त्याचा अर्थ ‘पाणी देऊच नये’ असा कोणी करू नये. डेंग्यूच्या शॉकमध्ये पाणी हेच जीवन आहे. पण पाणी हे निरुपद्रवी आहे, जास्त दिले तर काय बिघडते, ही समजूत मात्र या अभ्यासाने कायमची मोडली.

पाणी कोणते द्यावे, यावरही बरीच चर्चा झाली. पाण्यासोबत मोठे रेणू दिले तर ते प्रथिनांप्रमाणे ओढ निर्माण करतील आणि पाणी आत टिकेल, हा तर्क स्टार्लिंगच्या तत्त्वातूनच निघतो. व्हिएतनाममध्ये डेंग्यूच्या शॉकमधील ३८३ मुलांवर याची परीक्षा झाली आणि २००५ साली निष्कर्ष आला की मध्यम प्रतीच्या शॉकमध्ये साधे रिंगर लॅक्टेट महागड्या द्रवांइतकेच उपयोगी पडते. चाळणच ढिली असेल तर मोठे रेणूही तिच्यातून निसटतात. रिंगर लॅक्टेटची बाटली स्वस्त आहे आणि ती जिल्ह्याच्या, तालुक्याच्या रुग्णालयातही मिळते. महागड्या बाटलीने जे साधत नाही ते शेजारी बसून दर तासाला नाडी पाहणाऱ्या परिचारिकेने साधते, असे या सर्व अभ्यासांचे सार सांगता येईल. डेंग्यूचा गंभीर रुग्ण वेळेवर ओळखला आणि त्याला अशी देखरेख मिळाली, तर मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आणता येते.

वेळेवर ओळखणे हे मात्र रुग्णालयाच्या हाती नाही. ते घराच्या हाती आहे. डेंग्यू आता चेन्नईपुरता उरलेला नाही. मुंबई, पुणे, नागपूर, पणजी येथेही पावसाबरोबर तो येतो. तापाच्या दिवसांत मुलाला तोंडाने भरपूर पेये द्यावीत. मीठ-साखरेचे पाणी, भाताची पेज, नारळाचे पाणी, ताक, जे रुचेल ते चालते. तापासाठी पॅरासिटामॉल योग्य मात्रेत द्यावे. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन यांनी रक्तस्राव वाढण्याचा धोका असतो, म्हणून ती टाळावीत. आणि ताप उतरला म्हणजे संकट टळले असे मानू नये. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, थंड हातपाय, अस्वस्थता किंवा सुस्ती, कित्येक तास लघवी न होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर रात्र जाऊ न देता मुलाला रुग्णालयात न्यावे. ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस आईने कपाळापेक्षा पावलांना हात लावून पाहावा. पावले उबदार असतील तर रक्त शेवटच्या केशवाहिनीपर्यंत पोचत आहे.

लंडनच्या प्रयोगशाळेत सव्वाशे वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या सुजलेल्या पायावरून जे तत्त्व हाती आले, ते आज एग्मोरच्या रुग्णालयात थेंबाथेंबाने वापरले जात आहे. बाहेर पावसाच्या सरी कोसळत असतात. आत खाटेपाशी बाटलीतून नळीत पडणारे थेंब कोणी तरी घड्याळ लावून मोजत असते. पहाटे मुलाला लघवी होते, पावले कोमट लागतात, ते पेज मागते. मग डॉक्टर थेंबांची गती एक पायरी खाली आणतात.